आजोबांची बंदूक आणि पडद्यावरचं पिस्तूल : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कुडाळ आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका गावात घडलेलं हे प्रकरण आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत, काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आमच्या हौशी नाट्यमंडळाचे कागद आणि परवानग्या मी सांभाळतो, त्यामुळे यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

यातला मुख्य माणूस तिशीतला टर्नर. पुढे त्याला कारागीर म्हणतो. दिवसा तो एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो आणि संध्याकाळी मंडळाची प्रॉपर्टी बनवतो. दशावताराच्या तलवारींपासून ऐतिहासिक नाटकातल्या कंदिलापर्यंत सगळं त्याच्या हातून गेलेलं आहे. विज्ञानपटांचं त्याला शाळेपासून वेड, आणि त्यातही एका वस्तूचं : 1982 सालच्या ‘ब्लेड रनर’मधलं पिस्तूल. मंडळाने यंदा भविष्यकाळात घडणारी एकांकिका घेतली. त्यातल्या शिकाऱ्याच्या हातात हेच पिस्तूल द्यायचं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

हे पिस्तूल मुळात कसं बनलं होतं, ते आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा पेच त्यातूनच आला. चित्रपटाच्या लोकांनी ते खऱ्या बंदुकांच्या भागांतून जोडलं होतं. वरचा भाग ऑस्ट्रियातल्या स्टायर-मानलिखर रायफलचा, तिच्या बोल्टसकट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांडीसकट. खालची चौकट चार्टर आर्म्स कंपनीच्या .44 बोअरच्या ‘बुलडॉग’ रिव्हॉल्व्हरची. रायफलीचे दोन चाप तसेच ठेवलेले, मुठीला मधासारखा पिवळसर पारदर्शक दस्ता, आणि अंगावर लाल-हिरवे दिवे. आत खरं रिव्हॉल्व्हर असल्यामुळे त्यातून कोरी, म्हणजे गोळी नसलेली, नुसती दारू भरलेली काडतुसं उडवता येत आणि पडद्यावर खरा जाळ दिसे. मूळ वस्तू 2006 मध्ये लॉस एंजेलिसजवळ भरलेल्या विज्ञानकथा संमेलनात मांडली गेली, तेव्हा जवळून काढलेल्या छायाचित्रांनी चाहत्यांचे वर्षानुवर्षांचे अंदाज दुरुस्त झाले. 2009 मध्ये लिलावात तिला सुमारे 2 लाख 70 हजार डॉलर मिळाले.

त्या काळी हीच रीत होती. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये हान सोलोच्या हातात जर्मन माउझर पिस्तूल आहे, वर दुर्बीण चढवलेलं. पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांकडे ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन आहेत. लंडनच्या शस्त्र भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून खऱ्या बंदुका घ्यायच्या आणि त्यांच्यावर चार गोष्टी जोडायच्या, हे शून्यातून वस्तू घडवण्यापेक्षा स्वस्त पडे. आमच्या तालमीला बसणारे निवृत्त हवालदार स्टर्लिंगचं चित्र बघून लगेच म्हणाले, “ही तर आमची कार्बाइन!” ते बरोबरच होतं. स्टर्लिंगच्याच धर्तीची 9 एमएम कार्बाइन कानपूरच्या कारखान्यात बनत आली आणि आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर ती कित्येक वर्षं दिसली.

समस्या

कारागिराच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर होती. माकडं, रानडुकरं आणि अलीकडे गवे यांचा त्रास दक्षिण कोकणात कोणाला सांगायला नको. निवडणूक लागली की ही बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि आचारसंहिता उठली की परत यायची. गेल्या खेपेला ती परत आली आणि काही महिन्यांनी आजोबा गेले. दिवसकार्य झालं, पाऊस सुरू झाला, लावणी आली. बंदूक माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली राहिली.

परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की बंदूक वारसांची मालमत्ता होते, पण परवान्याशिवाय ती घरात ठेवण्याचा हक्क वारसांना मिळत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. पुढे वारसाने स्वतःचा परवाना काढला तर ती त्याला परत मिळते, नाहीतर ज्याला ती बाळगण्याचा अधिकार आहे अशा माणसाला विकता येते. घरातल्या कोणालाच हे ठाऊक नव्हतं. आजोबांच्या बाकी सगळ्या कागदांची आठवण झाली, सातबाऱ्यावर वारस लावायची धावपळ झाली, बंदुकीची आठवण मात्र कारागिराला झाली, आणि तीही वेगळ्याच कारणाने.

एका रविवारी त्याने बंदूक खाली काढली. पडवीत गोणपाट पसरून पुढचा लाकडी भाग ओढून काढला, नळी बिजागरीतून उचलली, दस्ता आणि चाप-घोड्याचा भाग वेगळा ठेवला. तीन तुकडे झाले. व्हर्नियर लावून त्याने घोडा, चाप आणि चापाभोवतीची कमान मापली. पोलादाच्या कडा वर्षानुवर्षांच्या हाताळणीने गुळगुळीत झालेल्या, घोड्यावर बोटाच्या पकडीसाठी मारलेल्या रेघा निम्म्या झिजलेल्या. हा झिजलेपणा आपल्याला कानशीने आणता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. चाप, घोडा आणि कमान पिस्तुलात बसवायची, नळीचा मागचा तुकडा लेथवर कापून वरच्या भागासाठी वापरायचा, असा त्याचा बेत होता.

आजीने ते पाहिलं. “तुझ्या आज्यान पै पै साठवून घेतलली ती. तिका कापूक मी देवचंय नाय,” एवढंच ती म्हणाली आणि तिथेच बसून राहिली. कायद्याचं तिला काही माहीत नव्हतं. नवऱ्याची वस्तू नातवाने तोडू नये, इतकीच तिची भावना होती. त्या दिवशी लेथ लागला नाही तो तिच्यामुळे. संध्याकाळी कारागीर माझ्याकडे आला तो आजीची तक्रार घेऊन, आणि बोलता बोलता बंदुकीच्या परवान्याचा विषय निघाला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आजीची समजूत घालून बंदुकीचेच भाग वापरणं. यात कारागिराचा युक्तिवाद असा : मी अख्खी बंदूक वापरत नाही, एक चाप आणि एक घोडा घेतो, त्याने काय गोळी सुटणार? हा युक्तिवाद बऱ्याच हौशी लोकांच्या तोंडी असतो, म्हणून तो नीट तपासला.

अधिनियमात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात. म्हणजे चाप वेगळा काढून खिशात घातला तरी कायद्याच्या नजरेत तो हिशेबाबाहेर जात नाही. कलम 45 मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, पण तिला अट आहे : ते भाग स्वतःकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे असलेल्या पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसावा. इथे पूरक भाग त्याच घरात, त्याच गोणपाटावर पडलेले. हेतू नव्हता हे कोणाला आणि कसं पटवणार? त्याच कलमात जुनाट किंवा मोडकळीस आलेल्या शस्त्रांनाही सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून चालणार नाही, अशी त्याची अवस्था असावी लागते. आजोबांची बंदूक तेल घालून ठेवलेली, उत्तम चालणारी होती. नळी कापणं तर आणखी पुढची पायरी. बंदुकीची नळी आखूड करायला कलम 6 खाली वेगळा परवाना लागतो.

2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला किमान 2 आणि कमाल 5 वर्षांची शिक्षा आहे. विनापरवाना बनवण्याला किमान 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. एकांकिकेच्या प्रॉपर्टीसाठी हा धोका कोणी घ्यावा, असं मला कुठल्याही बाजूने विचार केला तरी वाटत नाही.

दुसरा पर्याय बाहेरून सुटे भाग मागवण्याचा. अमेरिकेत जुन्या लष्करी बंदुकांचे, मुख्य चौकट कापून टाकलेले संच विकले जातात, स्टर्लिंगचेही. तिथले हौशी कलाकार त्यातूनच ‘स्टार वॉर्स’मधल्या सैनिकांच्या बंदुका बनवतात. ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्यापासून निकामी केलेल्या बंदुकांची प्रमाणित पद्धत आहे. कारागिराने हे सगळं पाहिलेलं होतं आणि एक संच त्याने कार्टमध्येही टाकला होता. पण आपल्याकडे शस्त्राचे भाग आयात करायला कलम 10 प्रमाणे परवाना लागतो. तिकडे जे पार्सल टपालाने घरी येतं, तेच इकडे कस्टममध्ये गुन्ह्याचा पुरावा होतं. परदेशी व्हिडिओ पाहून कामाला लागणाऱ्या पोरांनी हा फरक मनावर कोरून ठेवावा, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. माहिती देणारा खोटं बोलत नसतो, तो फक्त त्याच्या देशातून बोलत असतो.

तिसरा पर्याय निवृत्त हवालदारांनी सुचवला : परवानाधारकाकडून चित्रीकरणाची बंदूक भाड्याने घ्यावी. मुंबईत ते जमतं, खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. शिवाय कोऱ्या काडतुसांचा प्रश्न होता. 1984 मध्ये अमेरिकन अभिनेता जॉन-एरिक हेक्समने कोरी काडतुसं भरलेलं रिव्हॉल्व्हर गमतीने कानशिलाला लावलं, चाप ओढला आणि त्यात जीव गमावला. कोऱ्या काडतुसातला दाब जवळून गोळीसारखाच जीवघेणा ठरू शकतो. 1993 मध्ये अभिनेता ब्रँडन ली चित्रीकरणात मरण पावला, कारण आधीच्या दृश्यात नळीत अडकलेलं गोळीचं टोक पुढच्या कोऱ्या काडतुसाने बाहेर फेकलं. आमचं रंगमंच म्हणजे शाळेचं सभागृह, पहिली रांग हातभर अंतरावर. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

उरला चौथा : बंदुकीचा एकही भाग न वापरता हुबेहूब वस्तू. कारागिराला हा पर्याय कमीपणाचा वाटत होता. त्याच्या मते मूळ वस्तू खऱ्या लोखंडाची होती म्हणूनच ती खरी वाटते, रेझिनची प्रतिकृती खेळणं दिसते.

त्याचं मन वळलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे जपान. तिथे 1971 पासून धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग देणं आणि नळी बंद ठेवणं सक्तीचं आहे, तरी या पिस्तुलाच्या नावाजलेल्या प्रतिकृती तिथेच बनतात. दुसरी गोष्ट ‘स्टार वॉर्स’मधलीच. ओबी-वानच्या प्रकाशतलवारीची मूठ जोडली गेली त्यात पहिल्या महायुद्धातल्या रायफल-ग्रेनेडचा भाग आहे, जेट इंजिनातली नळी आहे, आणि नळाची मूठही आहे. पडद्यावर बघणाऱ्याला कुठला तुकडा रणांगणातला आणि कुठला मोरीतला हे कळत नाही. ती वस्तू खरी वाटते, कारण तिचा प्रत्येक तुकडा कुठेतरी कामाला आलेला, यंत्रावर घडलेला आहे. हे सांगितल्यावर कारागीर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे भंगारात बघूया.”

केलेली कृती

आधी बंदूक. थोरले काका, कारागीर आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. बंदूक जोडून, रिकामी करून, उरलेली काडतुसं मोजून, मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला सोबत घेतला. उशीर का झाला याचं लेखी निवेदन घेतलं गेलं, बंदूक जमा झाली, पावती मिळाली. काकांनी स्वतःच्या नावे शेतीसंरक्षण परवान्यासाठी ओरोसला जिल्हादंडाधिकारी कार्यालयात अर्ज केला. जाण्याआधी सगळ्यांच्या पोटात गोळा होता, पण आपण होऊन गेल्यामुळे प्रकरण कागदावर सरळ राहिलं. हीच बंदूक नळी कापलेल्या अवस्थेत कोणाला सापडली असती तर काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो.

त्याच भेटीत मंडळाच्या लेटरहेडवर दुसरं पत्र दिलं : नाटकासाठी नकली पिस्तूल बनवतोय, त्यात बंदुकीचा कोणताही भाग नाही, नळी भरीव असेल, प्रयोगाच्या तारखा अमुक. अधिनियमातल्या शस्त्राच्या व्याख्येतून खेळणी वगळली आहेत, पण ती फक्त खेळणं म्हणूनच वापरता येण्यासारखी आणि चालत्या शस्त्रात बदलता न येण्यासारखी हवीत. ही अट आम्ही वस्तूच्या घडणीतच घातली.

मापांचं काम वेळखाऊ निघालं. छायाचित्रांवरून कारागिराने पुठ्ठ्याचे थोडे लहानमोठे आकार कापले आणि प्रमुख भूमिका करणाऱ्या पोराच्या हातात एकेक देऊन पाहिला. मूळ माप आणि त्याच्या हाताला शोभणारं माप यांत किंचित फरक होता. प्रतिकृतीच्या हट्टात मूळ माप जिंकलं.

मग भंगार. मालवणच्या बंदरावरून जुन्या आउटबोर्ड इंजिनाचे अॅल्युमिनियमचे तुकडे आले, वापरून कडा मऊ झालेले. चापांसाठी मोडक्या शिलाई मशीनची एक दांडी उपयोगी पडली. तिची झीज आजोबांच्या बंदुकीच्या घोड्यासारखीच होती, हे कारागिराने स्वतःच दाखवलं. पितळी भाग स्टोव्हच्या पंपाचे. नळी अॅल्युमिनियमच्या भरीव सळईतून काढली आणि तोंडाशी फक्त खोलगट छिद्र पाडलं, आरपार काही नाही. बोल्ट म्हणजे नळीत सरकणारी दांडी, दाराच्या कडीच्या तत्त्वावर. तो मागे ओढला की आतला मायक्रोस्विच दाबला जाऊन दिवे लागतात. मुख्य चौकटीचा साचा सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एका कारागिराने पांगाऱ्याच्या लाकडात कोरून दिला. हलकं, मऊ लाकूड, पटकन आकार घेणारं. लाकडी आंबे आणि केळी घडवणाऱ्या त्या हातांना गोलाई अशी काही कळते की लेथवाला पाहत राहिला.

दस्त्यावर मात्र सगळे अडले. पिवळसर पारदर्शक रेझिन सिलिकॉनच्या साच्यात ओतलं ते आषाढात. पॉलियुरेथेन रेझिन हवेतला ओलावा खेचतं आणि आत बारीक बुडबुड्यांचा फेस धरतं. पहिला दस्ता साबणाच्या वडीसारखा धुरकट निघाला. मग एपॉक्सी वापरून पाहिलं, तर दमट हवेत त्यावर चिकट पापुद्रा आला. तो कोमट पाण्याने धुऊन, घासून पॉलिश केल्यावर खालचं अंग स्वच्छ निघालं. शेवटी खोलीत हीटर लावून, साचा आणि रेझिन दोन्ही आधी कोरडं करून ओतकाम केलं, तेव्हा दस्त्यातून दिव्याचा उजेड जसा हवा तसा पसरला. रंगाचंही तसंच. लोखंडावर निळं-काळं रसायन चढवलेला नमुना खाऱ्या वाऱ्यात चार दिवसांत तांबूस झाला. म्हणून बाहेरचे सगळे भाग अॅल्युमिनियम आणि पितळेचेच ठेवले, वर काळा रंग, आणि कडांवरचा रंग हाताने घासून खालचा धातू उघडा पाडला. वजनासाठी मुठीच्या आत लोखंडी सळईचा तुकडा पुरला. वजन पुढे गेलं तर हात लोंबतो, हे मंडळातल्या एका जुन्या दशावतारी नटाने पहिल्याच तालमीत ओळखलं. सळई मागे सरकवली आणि नटाचा खांदा सरळ झाला.

परिणाम

प्रयोग झाले, प्राथमिक फेरीही झाली. गोळीचा आवाज ध्वनियोजनेतून आला आणि दिव्यांच्या झोताने जाळाचं काम केलं. पुढच्या रांगेतली मुलं नाटक संपल्यावर ते पिस्तूल बघायला विंगेत आली.

मुंबईला प्रयोगासाठी कोकण रेल्वेने जाताना स्टेशनवरच्या स्कॅनरमध्ये पेटी अडकली. पडद्यावर धातूचा पिस्तुलासारखा आकार दिसल्यावर ते होणारच होतं. पेटीत सगळ्यात वर मंडळाचं पत्र, पोलीस ठाण्याची पोच आणि बनवतानाची छायाचित्रं होती. जवानाने नळीत काडी घालून भरीवपणा तपासला, नोंद केली आणि गाडी सुटण्याआधी सोडलं.

काकांचा परवान्याचा अर्ज हे लिहीपर्यंत प्रलंबित आहे. बागेतले नारळ माकडं पाडतात, त्यावर सध्या फटाके आणि कुत्रे एवढाच इलाज आहे.

निर्णयाचे क्षण आणि वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते या प्रकरणाचा खरा निर्णयक्षण पडवीतल्या गोणपाटावर आला नाही, तो त्याच्या कितीतरी आधी, दिवसकार्य संपल्यावर येऊन गेला. बंदूक तेव्हाच जमा झाली असती तर पुढचा मोह उभाच राहिला नसता. आपल्या भागात परवान्याच्या बंदुका घरोघरी आहेत आणि त्या बाळगणारी पिढी आता थकली आहे. वारसनोंदीच्या कागदांच्या यादीत बंदुकीचं नाव सातबाऱ्याच्या शेजारी हवं. हे काम ग्रामपंचायतीला मृत्यूच्या नोंदीच्या वेळी सहज आठवण करून देता येईल.

दुसरा क्षण पोलिसांना प्रतिकृतीचं पत्र देण्याचा. ते वेळेत दिलं, पण प्रवासाचा मार्ग त्यात लिहिला नव्हता. तो लिहायला हवा होता. नळीच्या तोंडाला प्रवासापुरता ठळक नारिंगी पट्टा लावायला हवा होता, म्हणजे पेटी उघडताक्षणी शंका कमी झाली असती. आता तसा चढवता-काढता येणारा पट्टा केला आहे.

ओतकामाचा मुहूर्तही चुकीचा होता. कोकणात रेझिनचं काम दिवाळी ते होळी या काळात करावं, पावसाळा लाकूड आणि धातूला द्यावा. तारखा आधी आखल्या असत्या तर तीन दस्त्यांचं रेझिन वाया गेलं नसतं.

एका बाबतीत माझं आणि कारागिराचं अजून जुळलेलं नाही. त्याच्याकडे दुसऱ्या मंडळांकडून प्रतींची मागणी येते आहे. साचे तयार आहेत, खर्च भागेल. मी म्हणतो, विकू नये, भाड्याने द्यावं : प्रत्येक प्रतीला क्रमांक, नेणाऱ्या मंडळाचं लेटरहेडवर पत्र, आणि प्रयोग झाला की वस्तू परत. हुबेहूब दिसणारं पिस्तूल एकदा हातातून गेलं की ते कोणाच्या कमरेला खोचलं जाईल, यावर आपला ताबा राहत नाही. त्याचं म्हणणं, विकायच्या प्रती हलक्या, पूर्ण रेझिनच्या आणि उघड वेगळ्या रंगाच्या करू. पुढच्या बैठकीत हा विषय घेतला आहे. तोपर्यंत पिस्तूल मंडळाच्या कपाटात कुलपात आहे आणि नोंदवहीत त्याचं पान उघडलं आहे.